अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांचा इतिहास कसा वाचावा

मुंबईच्या वाचकाने हा इतिहास हाती घेताना आधी दोन शब्द नीट समजून घ्यावेत. 'काँग्रेस' म्हणजे तेथे पक्ष नव्हे, तर प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणारी संसद; आणि 'मध्यावधी' म्हणजे सभागृह विसर्जित झाल्यामुळे आलेली निवडणूक नव्हे, तर अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, ठरल्या वेळी होणारी. तेथे सभागृह मुदतीआधी विसर्जित करण्याची तरतूदच नाही. दर दोन वर्षांनी प्रतिनिधिगृह संपूर्ण आणि सिनेट एकतृतीयांश निवडले जाते.

त्यानंतर, ज्या वर्षाचा निकाल वाचायचा त्या वर्षी मताधिकार कोणाला होता आणि ते मत नेमके कोणाला पडत होते, हे वहीत सर्वांत वर लिहून घ्यावे. माझ्या मते खरा अभ्यास येथेच आहे. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर निवडण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे होता. आपले आमदार विधान भवनात राज्यसभेचे खासदार निवडतात, ती पद्धत डोळ्यांसमोर आणली की १८५८ ची इलिनॉय राज्यातील सिनेटची लढत उलगडते: रिपब्लिकन लिंकन आणि डेमोक्रॅट डग्लस यांनी लोकांपुढे सात वादसभा गाजवल्या, पण लोकांनी मते दिली ती विधिमंडळाच्या उमेदवारांना, आणि तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत राहिल्याने डग्लस निवडून आले.

दक्षिणेकडील एकतर्फी निकाल तर याहून सावधपणे वाचावेत. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. तरी साक्षरता चाचण्या, मतदान कर आणि उघड दहशत यांनी कृष्णवर्णीय मतदारांना दूर ठेवले. यादवी युद्धात फुटून निघालेल्या राज्यांतून १९०१ ते १९७३ या काळात एकही कृष्णवर्णीय सदस्य काँग्रेसमध्ये नव्हता. म्हणून १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वीच्या तेथील जागा लोकमताचे माप म्हणून धरू नयेत. स्त्रियांना देशभर मताधिकार १९२० मध्ये मिळाला.

जागांच्या आकड्यांची तुलना करताना एकूण संख्या पाहावी. पहिल्या प्रतिनिधिगृहासाठी राज्यघटनेने ६५ जागा ठरवल्या होत्या. ४३५ हा आकडा १९१३ पासूनचा. १८९४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने शंभराहून अधिक जागा गमावल्या, त्या साडेतीनशेच्या आसपास जागांपैकी, म्हणजे तो धक्का आजच्या हिशेबाने आणखी मोठा ठरतो. मध्यावधीत अध्यक्षांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा घटणे हा तेथील नेम आहे. गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ हेच त्याला अपवाद, त्यामुळे ही तीन वर्षे वेगळी काढून अभ्यासावीत.

जुन्या नोंदींत एकाच निवडणुकीपुढे '१७८८-८९' अशी दोन वर्षे दिसली, तर ती चूक समजू नये. राज्ये आपापल्या सोयीने वेगवेगळ्या महिन्यांत मतदान घेत; नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा दिवस प्रतिनिधिगृहासाठी १८७२ च्या कायद्याने ठरवला, आणि त्यानंतरही मेन राज्य विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सप्टेंबरातच मतदान करीत राहिले.