शाळेतला डिजिटल वर्ग वर्षभरात बंद पडतो, कारण... या चुका टाळा

लोकवर्गणीतून प्रोजेक्टर येतो, संगणक येतात, टॅब येतात. नारळ फुटतो, फोटो निघतात आणि पुढच्या जूनपर्यंत निम्मा संच कपाटात गेलेला असतो. सुरुवात बहुधा विजेपासून होते.

अर्थिंगकडे दुर्लक्ष. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. पॉवर सप्लायमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतोच. त्याला जमिनीची वाट मिळाली नाही, तर तो मुलाच्या अंगातून जातो. वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा कमी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. प्लगची जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणं तर कधीच नको.

इन्व्हर्टरचा हिशेब न करणं. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावेत, म्हणजे 900. 300 वॉटचा प्रोजेक्टर त्यावर जेमतेम तीन तास चालेल, 100 वॉटच्या आतला 43 इंची टीव्ही मात्र शाळा सुटेपर्यंत. लाइट सारखी जात असेल तर आमचं मत सरळ टीव्हीला. बॅटरीचं पाणी दर महिन्याला बघा. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, फिल्टरचं पाणीही चालत नाही.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तास संपताच भिंतीवरचं बटण बंद करू नका. रिमोटने बंद करून आतला पंखा थांबू द्या, नाहीतर तापलेला दिवा लवकर जातो.

टॅब रिकामे करून मे महिन्याची सुट्टी. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी पडून राहिली की आणखी उतरते आणि जूनमध्ये चार्जच घेत नाही. टॅब साधारण 50 टक्क्यांवर आणून बंद करून ठेवा, सुट्टीत एकदा तपासा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर तो टॅब चार्जिंगला लावू नका.

वर्गात उभं राहून क्यूआर कोड स्कॅन करणं. बालभारतीच्या पुस्तकातला कोड चांगला असतो, गावातलं नेट नसतं. आदल्या दिवशी दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये साहित्य डाउनलोड करा, मग विमान मोड लावून ते उघडतं का पाहा. वर्गात ते डाउनलोडच्या यादीतूनच उघडा.

माउस शिक्षकांच्याच हातात राहणं. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, कारण वरचं सगळं नीट चाललं तरी मुलं फक्त बघतच राहतात. एका संगणकावर दोन मुलं बसवा आणि दर 10 मिनिटांनी जागा बदला. त्यांना स्क्रॅच द्या, म्हणजे ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचा मुलांसाठीचा प्रोग्रॅम. स्क्रॅच 3 च्या ऑफलाइन ॲपला किमान विंडोज 10 लागतं. जुन्या यंत्रावर स्क्रॅच 1.4 टाका. स्क्रॅच 3 मध्ये रेषा उमटण्यासाठी 'पेन' एक्स्टेन्शन आधी जोडावं लागतं, नाहीतर मांजर नुसतं फिरतं.

चौरस सगळ्यांना जमतो: 4 वेळा 100 पावलं, 90 अंश वळण. मग समभुज त्रिकोण सांगा. जवळजवळ सगळी मुलं 3 वेळा, 60 अंश टाकतात, कारण भूमितीत कोन 60 शिकलेला असतो. आकृती उघडीच राहते. इथे उत्तर सांगू नका, माउसही घेऊ नका. मुलाला जमिनीवर खडूच्या त्रिकोणावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आपण आतल्या नाही, बाहेरच्या कोनाइतकं वळतो हे त्याच्या लक्षात येतं आणि 120 तो स्वतः टाकतो.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करणं. शिवाजीसारख्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मुलांना पहिल्या दिवसापासून युनिकोड द्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसणारी पद्धत. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या मांडणीचा) कीबोर्ड मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.