फार्महाऊसवरचा मातीचा बांध: कायद्यात कुठे बसतो आणि पावसाळ्याआधी काय बघायचं

मुरबाड-शहापूरकडे जागा घेतली आणि तिच्यासोबत ओढ्यावरचा जुना मातीचा बांधही आला, तर आधी त्याची उंची काढा. ती पाण्यापासून नव्हे, पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत मोजतात. धरण सुरक्षा कायदा, 2021 प्रमाणे 15 मीटरपेक्षा उंच धरण थेट ‘विनिर्दिष्ट’ (म्हणजे या कायद्याच्या कक्षेतलं) ठरतं. 10 ते 15 मीटरचं ठरायला यातली एक गोष्ट पुरते: माथ्याची लांबी किमान 500 मीटर, साठा किमान 10 लाख घनमीटर, कमाल पूरविसर्ग सेकंदाला किमान 2000 घनमीटर, पाया विशेष अवघड किंवा संकल्पन नेहमीपेक्षा वेगळं. तसं ठरलं तर मालक खासगी असला तरी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे.

तुमचा बांध बहुधा यात बसणार नाही. म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. उंचीवरून आकार कळतो, धोका बांधाच्या खाली कोण राहतं त्यावरून ठरतो. साठ्याचा ढोबळ अंदाज: पाण्याचं क्षेत्र × सर्वांत जास्त खोली × 0.4. एक हेक्टर आणि 6 मीटर धरले तर 24,000 घनमीटर. ओढ्याच्या कडेने खाली चालत जा आणि पाडा, शाळा, साकव, रस्ता नकाशावर मांडा. एखादं घर जरी पाण्याच्या वाटेत असलं, तर बांध धोक्याचा समजून सिव्हिल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेकडे द्या. माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध फार वेळ तग धरत नाही. पाणलोट 25 हेक्टर असेल आणि तासात 100 मिलिमीटर पाऊस पडून त्यातला 80 टक्के वाहून आला, तर सेकंदाला साधारण 5.6 घनमीटर पाणी येतं. ते 60 सेंटिमीटर खोलीने जाऊ द्यायला सांडवा सुमारे 8 मीटर रुंद हवा आणि त्या पातळीच्या वरही माथा शिल्लक राहायला हवा. मासे अडवायला सांडव्यात लावलेली जाळी आधी काढा; पाचोळा अडकून ती बंद होते. माथा दोरी ताणून बघा. जिथे खचलाय तिथून पाणी आधी उलटणार.

मे महिन्यात घाणेरी-रानमोडी कापून उतार उघडे करा, नाहीतर बिळं दिसत नाहीत. जुलै 2019 मध्ये तिवरे धरण फुटल्यावर ‘खेकड्यांनी बांध पोखरला’ या सबबीची भरपूर चेष्टा झाली. ती रास्तच, पण तुमच्या अरुंद बांधात बीळ ही थट्टा नाही. ते खणून 15-15 सेंटिमीटरच्या थरांत ओलसर माती धुम्मसने ठोकून भरा. वरून नुसता दगड कोंबू नका. मोठं झाड तोडून बुंधा तसाच ठेवला की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते.

पायथ्याशी थोडी, स्वच्छ गळती चालते. दर आठवड्याला 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. तळं तेवढंच भरलेलं असताना वेळ कमी झाला किंवा पाणी गढूळ झालं, तर आतली माती वाहतेय. सिमेंटने तोंड बुजवलं तर दाब आत वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. त्यापेक्षा जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्या, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. हे करायला माणसं लावण्याआधी खालच्या पाड्यावर फोन गेला पाहिजे, मग 1077 वर जिल्हा आपत्ती कक्षाला.