साथीच्या काळात शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर

लॉकडाऊन लागला की मारणारा दिवसभर घरातच असतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत कुजबुजही ऐकू जाते. ‘हेल्पलाइनला फोन कर’ एवढं सांगून भागत नाही. आधी मार खाणाऱ्या बाईला बोलायला आडोसा हवा. चाळीत तो पाण्याच्या वेळी, संडासच्या रांगेत नाहीतर रेशनच्या दुकानात मिळतो. तिथेच एक वाक्य ठरवून ठेवा. ‘वाटीभर साखर आहे का?’ असं तिने विचारलं की तुम्ही ११२ हा पोलिसांचा तातडीचा नंबर लावायचा. तिला उलट फोन करून ‘काय झालं गं?’ विचारायचं नाही, फोन त्याच्या हातात असू शकतो.

११२ वर चाळीचं नाव, मजला, खोली नंबर आणि जवळची खूण सांगा. मुंबईत पोलिसांची १०३ ही हेल्पलाइन आहे, महिलांसाठी १८१ही आहे. दारात जाऊन त्याच्याशी हुज्जत घालू नका, राग तिच्यावरच निघतो. मारहाण थांबवायची तर कडी वाजवून ‘पाणी आलं का?’ एवढंच विचारा. कधीकधी तेवढं पुरतं.

आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो तिच्या फोनवर न ठेवता तुमच्याकडे ठेवा. तिने कॉल लॉग सगळा पुसू नये, मदतीसाठी लावलेला तेवढाच नंबर पुसावा. कोरी यादी संशयास्पद दिसते. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही बघावं, तिचे मेसेज तो दुसऱ्या फोनवर वाचत असू शकतो.

गळा दाबला असेल तर वळ नसला तरी हॉस्पिटल गाठाच, सूज नंतर वाढते. लॉकडाऊनमध्येही कॅज्युअल्टी चालू असते. तिथे ‘पडले’ म्हणू नये. कोणी, कशाने मारलं ते केसपेपरवर लिहून घ्यावं, पुढे कोर्टात तोच कागद उपयोगी पडतो. महापालिकेच्या काही हॉस्पिटलांत मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सुरू झालं.

पोलीस ठाण्यात बहुतेकदा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून, समजूत घालून बोळवण होते. एफआयआरचा आग्रह धरा. शिवाय २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती कोणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे, आणि मॅजिस्ट्रेट त्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देऊ शकतात. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० ही मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन लावा; बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.