सर्व्हो जळला? नवा लावण्याआधी गाडी तपासा

रिमोटवरची गाडी पुढेमागे पळतेय, पण स्टिअरिंग दिलं तरी पुढची चाकं ढिम्म. संशय सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरपेटीवर. उचलून नाक जवळ नेलं की तो वास येतो, तापलेल्या वार्निशचा. मोटरच्या तारांवरचा लेप करपल्याचा हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

माझा पहिला सर्व्हो असा गेला तेव्हा मी लगेच दुसरा बसवला. पंधरा मिनिटांत तोही गेला. दोन्ही सर्व्हो चांगलेच होते. डाव्या चाकाच्या नकलमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात) हरभऱ्याएवढा खडा अडकला होता आणि चाक पूर्ण वळूच शकत नव्हतं. तेव्हापासून आधी गाडी तपासतो, मग नवीन सर्व्होचं पाकीट फोडतो. खालचा क्रम त्यातूनच आला आहे.

१. आधी वीज तोडा

वास आला की रिमोटचं चाक फिरवून "बघू, होतंय का" करू नका. अर्धवट जळालेला सर्व्हो शॉर्ट झाला तर ईएससीमधला (गाडीच्या मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि सर्व्होला वीज देणारा भाग, तोही सोबत जातो. बॅटरी काढा, सर्व्हो थंड होऊ द्या. पुढच्या सगळ्या चाचण्यांसाठी गाडी एखाद्या ठोकळ्यावर ठेवा, चारही चाकं अधांतरी हवीत. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना उलट.

२. खरंच सर्व्होच गेलाय का?

हसू नका, पण आधी रिमोटवरचं स्टिअरिंगचं ड्युअल रेटचं (चाकं एकूण किती वळावीत हे ठरवणारं) बटण बघा. ते शून्यावर फिरलेलं असेल तर ठणठणीत सर्व्होही हलत नाही. मग रिसीव्हरवरचा प्लग बघा. काळी किंवा तपकिरी तार ऋण, मधली लाल धन आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नलची. प्लग उलटा किंवा एक पिन सरकून बसला की काम थांबतं.

सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे अदलाबदल. चालू असलेला दुसरा कोणताही सर्व्हो रिसीव्हरवरच्या स्टिअरिंगच्या चॅनलला (जोडणीला) लावा. तो हलला तर रिसीव्हर, रिमोट आणि बीईसी ठीक आहेत. तोही हलला नाही तर जुन्या सर्व्होला दोष देऊ नका, वीज आणि सिग्नलकडे वळा.

सर्व्हो कसा वागतो त्यावरूनही बरंच कळतं. आतून मोटरचा फिरण्याचा आवाज येतोय पण हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावरचा छोटा हात) जागचा हलत नाही, तर गिअरचे दात गेलेत, सर्व्हो जळलेला नाही. एका ठराविक जागी थरथरतो आणि बाकी ठीक, तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. हॉर्न कुठे आहे हे सर्व्होला त्यावरूनच समजतं. फक्त एकाच बाजूला वळतो, तर मोटर चालवणाऱ्या सर्किटचा अर्धा भाग गेल्याची शक्यता मोठी. पूर्ण गप्प आणि वास, तर मोटर किंवा बोर्ड.

३. उघडून बघा

तळाशी चार लांब स्क्रू असतात. ते काढताना वरची टोपी हाताने दाबून धरा. ती सुटली की गिअर ग्रीससकट टेबलावर पसरतात आणि कोणता कुठे होता हे आठवत नाही. वरची बाजू उघडणारच असाल तर आधी फोटो काढा.

तळाचं झाकण काढल्यावर बोर्ड दिसतो. तपकिरी डाग, फुगलेली किंवा तडकलेली काळी चिप, मोटरजवळ वितळलेलं तारेचं आवरण यापैकी काही दिसलं तर शोध संपला. पांढरट-हिरवट थर दिसला तर पाणी आत गेलं होतं. दुरुस्तीबद्दल माझं मत सरळ आहे: गिअर गेले असतील आणि त्या मॉडेलचा गिअर संच मिळत असेल तर जरूर बदला. मोटर किंवा बोर्ड जळला असेल तर खटाटोप करू नका.

४. का जळला ते शोधा

हीच खरी पायरी, आणि बहुतेक जण हीच गाळतात.

फिरणारी मोटर स्वतःच उलटा विद्युत दाब (व्होल्टेज) तयार करते, त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. ती अडवली की हा दाब नाहीसा होतो आणि करंटला रोखायला उरतो फक्त तारांचा रोध. उदाहरणादाखल 6 व्होल्ट आणि 2 ओहम धरा: 3 अँपिअर करंट, म्हणजे 18 वॅट उष्णता, तीही अंगठ्याच्या पेराएवढ्या मोटरमध्ये. हवा जायला जागा नाही. सर्व्हो अडकलेल्या अवस्थेत जोर लावत राहिला की जळायला फार वेळ लागत नाही.

म्हणून तो कुठे अडकतो ते बघायचं. हॉर्नपासून स्टिअरिंगचा रॉड सोडवा आणि पुढची चाकं हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वळवा. दोन बोटांच्या जोराने सरकायला हवीत. मध्येच खरखर लागली तर बेलक्रँकच्या (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या हाताच्या) बेअरिंगमध्ये माती आहे. सगळीकडे जड असेल तर बॉल एंड (रॉडच्या टोकांचे गोल सांधे) घट्ट आहेत किंवा एखादा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलाय. आता सस्पेन्शन पूर्ण दाबून हेच पुन्हा करा. टायर बॉडीला किंवा चॅसिसला घासतो तो बहुधा याच वेळी. टेबलावर सरळ उभ्या गाडीत ते दिसत नाही.

सर्व्हो सेव्हर असेल तर तोही बघा. चाकाला धक्का बसला की त्याच्या स्प्रिंगने थोडं हार मानायला हवं. दगडासारखा घट्ट असेल तर प्रत्येक धक्का थेट गिअरवर येतो.

मग व्होल्टेज. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलच्या लाल आणि काळ्या पिनांवर मोजा. सर्व्हो 6 व्होल्टपर्यंतचा आणि बीईसी 7.4 वर ठेवलेला, ही जोडी जास्त दिसते. बॅटरीतून थेट वीज दिली असेल तर ध्यानात ठेवा: दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज झाल्यावर 8.4 व्होल्ट देते. ते फक्त हाय व्होल्टेज सर्व्होलाच सोसतं, आणि तेही त्याच्या लेबलवर 8.4 लिहिलं असेल तरच.

५. नवा बसवताना

हॉर्नचे दात जुळतात का ते आधी बघा. सर्व्होच्या दांड्यावर 23, 24 किंवा 25 दात असतात. 24 चा हॉर्न 25 वर ठोकून बसवला तर आज चालेल, उद्या घसरेल.

हॉर्न न लावता सर्व्होला वीज द्या, रिमोटवरचा ट्रिम आणि सबट्रिम (सर्व्होचा मध्य बारीक सरकवणाऱ्या सोयी) शून्य करा. सर्व्हो स्वतः मध्यावर येतो. आता हॉर्न रॉडशी काटकोनात बसवा आणि उरलेला बारीक फरक सबट्रिमने काढा. धातूच्या दांड्यात जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरे. प्लास्टिकला मात्र लागू देऊ नका, ते तडकतं.

६. एंड पॉइंट, कानाने

दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (सर्व्होने त्या बाजूला कुठवर वळायचं ती रिमोटवरची मर्यादा) सुरुवातीलाच 60 टक्क्यांच्या आसपास आणा. रिमोटचं चाक पूर्ण डावीकडे धरून एकेक अंकाने वाढवत जा आणि चाकाकडे बघण्यापेक्षा सर्व्होकडे कान द्या. एका अंकाला चाक पुढे सरकत नाही, पण "घूं" असा आवाज वाढतो. तिथून तीन-चार अंक मागे या, आवाज थांबेल. उजवीकडे हेच करा. दोन्ही आकडे सारखे येत नाहीत, माझ्या एका गाडीत डावीकडे 88 आणि उजवीकडे 79 आहे. मध्यावर असताना डिजिटल सर्व्होची बारीक गुणगुण चालते. टोकाला घूं चालत नाही.

रिमोटवर एंड पॉइंटची सोय नसेल तर ड्युअल रेट कमी करा, किंवा रॉड हॉर्नच्या आतल्या भोकात घ्या. वळण कमी होतं, पण रॉडवरचा जोर वाढतो.

क्रॉलर (दगडांवरून हळू चढणारी गाडी) चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. चाक दोन दगडांत अडकलेलं असताना स्टिअरिंग दाबून धरू नका. गाडी बोटभर पुढेमागे घ्या, मग वळवा.

आता पाच मिनिटं चालवा, बॅटरी काढा आणि सर्व्होवर बोट ठेवा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर चौथ्या पायरीवर परत जा. खडा अजून कुठेतरी आहे.