नळाचा स्पिंडल आणायला जाताना जुना खिशात घाला

नळ ठिबकतोय म्हणून अख्खा नळ बदलायची घाई नको. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, मूठ काढा, आतला स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरून पाणी चालू-बंद करणारा दांडा, सोडवा आणि तोच घेऊन कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणून भागत नाही. अर्धा इंच हे पाइपाचं माप. आट्यांवर पट्टी लावली तर बाहेरून जवळजवळ 21 मिलिमीटर भरतं. स्पिंडलच्या टोकाचे दातेही मोजा. एका दात्याचा फरक पडला तरी जुनी मूठ धड बसत नाही, बसलीच तर नुसती गरगर फिरते. पाव फेऱ्यात बंद होणारा नळ असेल तर तो डावीकडे बंद होतो की उजवीकडे, हेही सांगा. दिसायला दोन्ही स्पिंडल सारखेच. जुन्या, पिळून बंद करायच्या नळाला मात्र बहुतेक वेळा नुसता वायसर पुरतो.

पितळी भाग कुठेच मिळेना, तर उद्यमनगरात लेथवाल्याला नमुना दाखवा. एका नगासाठी सगळेच तयार होत नाहीत, दोन-चार ठिकाणी विचारावं लागतं.