मण्यांचा हार विणायला शिकताय? मग या चुका टाळा

दर सुट्टीत चार-पाच जणी माझ्याकडे मणीकाम शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी अख्खा चार मीटर दोरा तोडून बसते, का तर "मधे जोडायला नको ना ताई". मग काय, तो दोरा दर टाक्याला गुंततो, पीळ पडून गाठ बसते, ती नखानं सोडवता सोडवता दोरा पिंजतो आणि शेवटी मधेच तोडून जोडावा लागतोच. मी दोन्ही हात पसरून मावेल एवढाच घेते, दीड मीटर धरा. आधी तो ताणून घेते, मग मेणाच्या वडीवरून दोनदा ओढते, आणि विणताना दहा-बारा टाके झाले की सुई खाली लोंबती सोडते, गरगर फिरून पीळ आपोआप उतरतो.

तंगूसवर (मासे धरायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा दोरा) शिकू नका. स्वस्त आहे, सुईही लागत नाही, सगळं मान्य, पण त्याला एकदा घडी पडली की जात नाही, हार गळ्यावर पडायच्या ऐवजी तारेसारखा उभा राहतो आणि गाठ तर कधी सुटेल सांगता येत नाही.

मण्याचा नंबर मोठा म्हणजे मणी बारीक. 8 नंबर साधारण 3 मिमी, 11 नंबर 2 मिमी, 15 त्याहून बारीक. मोठे समजून 15 चं पाकीट आणणारी एक तरी असतेच.

आता माझा लाडका विषय, नळीचे मणी. काचेच्या नळ्या कापून करतात, त्यामुळे टोकं धारदार असतात आणि हार हलला की ती धार दोऱ्यावर घासत राहते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्येबहिणीच्या डोहाळजेवणासाठी हिरव्या नळ्यांचा तीन पदरी हार केला होता, आठवडाभर रोज रात्री बसून, आणि मिरवायला म्हणून एसटीत मीच गळ्यात घातला. स्वारगेट सुटून अर्धा तास झाला नसेल, एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मधला पदर तुटला. मणी सीटखाली, लोकांच्या चपलांमधे, कंडक्टर म्हणतो "मावशी, आता उतरताना गोळा करा". घरी येऊन बघितलं तर उरलेल्या दोन्ही पदरांचा दोरासुद्धा नळीच्या प्रत्येक टोकाशी कुसळासारखा पिंजलेला. तेव्हापासून नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक 11 नंबरचा गोल मणी घातल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि टोक तुटकं दिसलं की ती नळी सरळ कचऱ्यात. शिकणाऱ्या म्हणतात गोल मण्यांनी डिझाइन बिघडतं. बिघडू दे.

दोरा खूप ओढू नका. दोन-तीन इंच झाले की तुकडा बोटावर टाकून बघा, काडीसारखा ताठ राहिला तर उसवा, पुढे जाऊन तो सैल होणार नाहीये.

गाठीवर सुपरग्लूचा थेंब टाकायची घाई तर बघवत नाही मला. तो वाळला की दोरा कडक होतो आणि बरोबर त्याच्या कडेलाच तुटतो. दोऱ्याचं उरलेलं शेपूट उलट्या दिशेनं सहा-सात मण्यांतून परत न्या, मधे दोनदा अडकगाठ (मण्यांमधल्या दोऱ्याला फास घालून आवळलेली गाठ) मारा, दिशा बदलून पुन्हा न्या, मग कापा. पाच मिनिटं जातात. रील बघायला वेळ असतो ना?

स्टीलच्या ताटलीत मणी घेऊ नका, घरंगळतात. टर्किश टॉवेलही नको, सुई अडकते. जुन्या ब्लँकेटचा तुकडा घ्या.

आणि एखादा मणी जास्त ओवला गेला तर सगळं उसवत बसायची गरज नाही. त्या मण्याच्या भोकात दाभण घालून दाबत जा, मणी आतून बाहेर फुटतो आणि दोरा वाचतो. नुसत्या पकडीनं चिरडलात तर काच आत घुसते आणि दोरा कापते. फक्त डोळ्याला चष्मा असू द्या, तुकडे उडतात. माझा तर आता दोरा ओवायलाच लागतो.