शेजाऱ्यामुळे सामान भिजलं म्हणून घरभाडं अडवताय? या चुका टाळा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी घराघरांत बॅरल, टाक्या, घागरी भरायची लगबग असते. पाणी पहाटे सुटलं की नळाला पाइप लावून बसल्या जागी डोळा लागतो. वरच्याचं बॅरल भरून वाहतं आणि खालच्याची गादी, धान्य, टीव्ही भिजतो.

मी भाडेकरार आणि नोटिसा टाइप करून देण्याचं काम करतो. अशी माणसं माझ्या टेबलाशी येतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “या महिन्याचं भाडं देणारच नाही.” राग खरा असतो, नुकसानही खरं असतं. पण त्या एका निर्णयाने तक्रार करणारा माणूस थकबाकीदार होऊन बसतो. मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकील गाठाच. पण तिथवर जायच्या आधी होणाऱ्या चुका रोज डोळ्यांसमोर असतात, त्या सांगतो.

पूर्व भागातल्या एका ताईंचं उदाहरण घेतो. दोन खोल्यांत भाड्याने राहतात, शाळेचे गणवेश शिवतात. कापलेल्या कापडाचे गठ्ठे घरी आणायचे आणि शिवून, काजं-बटणं करून परत पोचवायचे. वरच्या मजल्यावरचं कुटुंब त्याच मालकाचं भाडेकरू. एका पहाटे वर पाइप चालू राहिला. पंख्याच्या हुकापाशी स्लॅबला जुनी भेग होती, तिथून धारच लागली. खाली पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा, त्यावर मरून स्कर्टांचा. उजाडेपर्यंत मरून रंग पांढऱ्यात उतरला होता. शिलाई मशीनची मोटर पाण्यात गेली ती गेलीच. ताईंनी दोन महिने भाडं थांबवलं, मालकाला काही कळवलं नाही. माझ्याकडे आल्या त्या मालकाच्या वकिलाची नोटीस घेऊन. त्या नोटिशीत कपड्याचा किंवा मोटरचा एक शब्द नव्हता. होतं ते फक्त थकलेलं भाडं.

पहिली चूक: दोन हिशेब एकात घालणं

भाडं हा तुमचा आणि मालकाचा व्यवहार आहे. भिजलेल्या सामानाची भरपाई हा तुमचा आणि ज्याच्या हलगर्जीपणाने ते भिजलं त्याचा व्यवहार आहे. वरचा माणूस त्याच मालकाचा भाडेकरू असला, तरी त्याने नळ उघडा ठेवला म्हणून मालक आपोआप देणेकरी होत नाही.

मालकाची जबाबदारी येते ती त्याची स्वतःची कसूर असेल तेव्हा. गच्चीवरची सामाईक टाकी वाहत होती, भिंतीतला पाइप गळत होता, तुम्ही लेखी सांगूनही त्याने दुरुस्त केला नाही, असं काही असेल तर मालकाकडे भरपाई मागायला जागा आहे. ताईंच्या बाबतीत स्लॅबची भेग हा असा मुद्दा होता. पण त्यांनी भेगेबद्दल आधी एकदाही लिहून दिलं नव्हतं. सांगितलं होतं जिन्यात, तोंडी. आणि भरपाई मागायला जागा आहे याचा अर्थ भाडं परस्पर कापायला जागा आहे असा होत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अशा भांडणात मालक हा तुमचा सगळ्यात उपयोगी साक्षीदार असू शकतो. पाणी वरून आलं हे त्याने पाहिलेलं असतं, वरच्याला त्याने आधी तंबी दिलेली असते. शेजाऱ्यांना सतत उपद्रव देणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा करायची मुभाही कायदा त्याला देतो, त्यामुळे त्याच्या एका पत्राला वजन असतं. तुम्ही भाडं अडवलंत की हाच माणूस समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

दुसरी चूक: ‘पाव हिस्सा कापता येतो’ हे अर्धवट ऐकून भाडं कापणं

हे वाक्य कट्ट्यावर फार फिरतं. त्याचा उगम महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे. मालकाने जागा दुरुस्त ठेवायची असते. त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र त्या वर्षाच्या एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० आणि वळती करायची मर्यादा १८,०००.

नीट वाचलंत तर कळेल की ही सवलत दुरुस्तीच्या खर्चाची आहे. भेग बुजवली, पाइप बदलला, तर त्याचा खर्च. गादी, गठ्ठे आणि मोटर यात कुठेच बसत नाहीत. नोटीस न देता कापलेलं भाडं तर सरळ थकबाकीच धरली जाते.

थकबाकीने काय होतं

मालक भाड्याची लेखी मागणी करतो. त्या नोटिशीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीच्या कारणावरून त्याला घर खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी साध्या १५ टक्के व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर जात नाही. हे कलम १५. जुन्या वाड्यातल्या, चाळीतल्या भाडेकरूंना याचा मोठा आधार आहे.

पण जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागात आज जी घरं दिली जातात, ती बहुतेक ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना देणाऱ्या करारावर. तिथे हा आधार गृहीत धरू नका. तिथे करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. किती महिने पैसे थकले तर परवाना रद्द होतो, याचं कलम त्यात बहुधा असतंच. सह्या करताना ते कुणी वाचत नाही, मी समोर बसून वाचून दाखवलं तरी लोकांचं लक्ष मोबाइलकडे असतं. आणि मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर दुप्पट दराने पैसे मोजावे लागू शकतात.

‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ हेही मनानेच ठरवायचं नसतं. मालकाने लेखी मान्य केलं तरच. नाहीतर कागदावर तुम्ही भाडं थकवलेलंच दिसतं.

तिसरी चूक: आधी पुसणं, मग फोटो काढणं

खरं नुकसान इथे होतं. पाणी दिसलं की आपल्याकडे आधी फडकं येतं. घर चकाचक होतं, भिजलेली गादी गच्चीवर वाळत जाते, सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत होते आणि पुरावा संपतो.

आधी मेन स्विच बंद करा, माणसं आणि वायर सांभाळा. मग हात लावायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दारापासून सुरू करा, छतावर पाणी नेमकं कुठून येतंय ते दाखवा, तिथून न थांबवता खाली सामानापर्यंत या. तुकड्या-तुकड्याने काढलेल्या फोटोंत छताचा ओलावा वेगळा दिसतो, गठ्ठा वेगळा, आणि दोन्हींचा संबंध समोरचा नाकारतो. मूळ फाइल फोनमधून काढू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दाबून लहान झालेली असते आणि कोर्टात मूळ कोणत्या फोनमध्ये आहे हे विचारलं जातं.

त्याच सकाळी वहीच्या पानावर साधा पंचनामा करा: तारीख, वेळ, पाणी कुठून आलं, काय काय भिजलं. खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या. शक्यतो त्यात तुमचे नातेवाईक नकोत. वरच्या कुटुंबातल्या कुणाला बोलावून दाखवा. ताईंच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींनी त्या पहाटे “अगं बाई, डोळा लागला गं माझा, काय करू आता” असा व्हॉइस मेसेज केला होता. पुढे सगळं प्रकरण त्या एका मेसेजवर उभं राहिलं. ताई तो चिडून डिलीट करणार होत्या.

जळालेली मोटर, रंग उतरलेला एखादा शर्ट टाकून देऊ नका. मेकॅनिककडून “पाणी गेल्यामुळे मोटर जळाली” असं त्याच्या पावतीवर लिहून घ्या. ‘मोटर बदलली’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

चौथी चूक: गोल आकडा सांगणं

“लाखाचं वाटोळं झालं” असं म्हटलं की समोरचा चर्चेलाच बसत नाही. वस्तूवार यादी करा. गादी पाच वर्षं वापरलेली असेल, तर नव्या गादीची किंमत मिळत नाही, जुनी म्हणून वजावट होते. दुरुस्त होणाऱ्या वस्तूचा दुरुस्ती खर्चच धरा. दुसऱ्याचा माल तुमच्याकडे होता, जसं शिवायला आणलेलं कापड, वळायला आणलेला विडीचा पत्ता (पानं) आणि तंबाखू, टॉवेलचे गठ्ठे, तर ज्याचा माल त्याच्याकडून तो दिल्याची नोंद आणि तुमच्या मजुरीतून किती कापले याचा कागद घ्या. ताईंनी आधी ४०,००० म्हटलं होतं. बसून यादी केली तेव्हा १८,४०० झाले. आकडा खाली आला, पण त्यातल्या प्रत्येक रुपयामागे कागद होता.

पाचवी चूक: थेट पोलीस ठाणं

जाऊ नका असं म्हणत नाही. मुद्दाम पाणी सोडलं, धमकी दिली, हात उचलला तर जायलाच हवं. पण झोप लागून बॅरल वाहिलं, हा निष्काळजीपणा आहे, तो दिवाणी वाद. जाणूनबुजून नुकसान केल्याशिवाय ‘आगळीक’, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस, हा गुन्हा होत नाही. अदखलपात्र नोंद घेऊन तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतील, आणि जिन्यातलं बोलणं मात्र कायमचं बंद होईल.

त्यापेक्षा शेजाऱ्याला लेखी पत्र द्या. काय झालं, कधी, यादी, रक्कम आणि पैसे द्यायला १५ दिवसांची मुदत. हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. त्याची एक प्रत मालकाला द्या, सोबत दोन ओळी: भाडं नियमित भरत आहे, वरच्या भाडेकरूला समज द्यावी, स्लॅबची भेग दुरुस्त करावी. फ्लॅट असेल तर सोसायटीत तुम्ही सभासद नसता, म्हणून सोसायटीला पत्र मालकानेच द्यायला हवं. गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप सोसायटीकडे येतात, फ्लॅटच्या आतली गळती त्या फ्लॅटवाल्याकडे.

त्यानेही जमलं नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. दावा न लावताच दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, औद्योगिक कामगार यांना तिथे वकीलही मोफत मिळतो. विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. सामानाच्या नुकसानीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. शेजारी घर सोडून गेला तरी तुमचा हक्क संपत नाही, पण त्याचा नवा पत्ता मात्र आधीच मिळवून ठेवा.

भाडं आधीच अडवलं असेल तर

आजच भरा, सगळं. बँकेतून किंवा यूपीआयने, शेऱ्यात महिना लिहून. रोख दिलंत तर पावती घ्या. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. सोबत पत्र द्या की नुकसानभरपाईचा हक्क राखून हे भाडं देत आहे. भाडं भरलं म्हणून तो हक्क जात नाही.

मालक पैसे घेतच नसेल, तर मनीऑर्डर करा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला कागद जपून ठेवा, भाडं द्यायची तुमची तयारी होती याचा तो पुरावा. हाच प्रकार दर महिन्याला. मालकाने रागाने पाणी किंवा वीज तोडली, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली त्याला तसं करता येत नाही आणि पुरवठा पूर्ववत करायचा आदेश कोर्टाकडे मागता येतो. वकिलाची नोटीस आली असेल तर तिला उत्तर न देता ठेवू नका.

जाता जाता, भाडेकरूलाही फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून, वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. पाण्याची साठवण करणाऱ्या आपल्या शहरात हा विचार करण्यासारखा आहे.

ताईंनी दोन महिन्यांचं भाडं पत्रासह भरलं. मालक आठवडाभर घुश्शात होते, मग त्यांनीच वरच्या कुटुंबाला आधी दोनदा सांगितल्याचं लिहून दिलं. भेग त्यांनी स्वखर्चाने बुजवली. मावशींच्या मुलाने यादी ओळीन् ओळ वाचली, मोटरच्या पावतीवर बोट ठेवून गप्प बसला आणि तीन हप्ते कबूल केले. तडजोडीचा कागद मीच टाइप केला: हप्त्यांच्या तारखा, रक्कम, आणि शेवटच्या हप्त्यानंतरच दावा संपला असं वाक्य. पहिल्या हप्त्यालाच ‘सर्व रक्कम मिळाली’ असं लिहून द्यायला ताई तयार होत्या. ती ओळ मी खोडायला लावली.